बिथरलेला घोडा, उदयपूरची जीप आणि ११२ची गाडी

महाळुंगे इंगळे हे तळेगाव–चाकण रस्त्यावरचं गाव. बजाजचा कारखाना आला, त्याच्यामागून सुटे भाग बनवणारे आले, गोदामं आली, ट्रेलर आले. पाळी सुटायच्या वेळी कंपन्यांच्या बस, टेम्पो, दुचाकी आणि पायी निघालेले कामगार सगळे एकाच डांबरावर असतात. त्यातून ११२ या आपत्कालीन क्रमांकावरचा कॉल घेतलेली पोलिसांची गाडी सायरन वाजवत निघते. तिला वाट द्यायची लोकांची तयारी असते, पण द्यायला वाट हवी ना! गाडी मग उलट्या बाजूने घुसते, नाहीतर कडेच्या मातीत उतरते, आणि त्या मातीतूनच लोक चालत असतात.

अशा गाडीने कुणाला उडवलं तर भरपाई कोण देणार? आज याचं उत्तर सरळ आहे: राज्य सरकार. पण इथवर यायला आपल्या कायद्याला शंभराहून अधिक वर्षं लागली, आणि हे उत्तर संसदेने दिलेलं नाही, विधिमंडळानेही नाही. ते न्यायालयांनी एकेका अपघाताच्या निमित्ताने, कधी पुढे तर कधी मागे सरकत, घडवलं आहे.

सुरुवात होते कोलकात्याच्या खिदिरपूर गोदीत. पी अँड ओ या जहाज कंपनीची घोडागाडी सरकारी गोदीतून चालली होती. कामगार एक जड लोखंडी तुकडा वाहून नेत होते, तो त्यांच्या हातून पडला. आवाजाने घोडा बिथरला आणि जखमी झाला. कंपनीने साडेतीनशे रुपयांचा दावा लावला. १८६१ मध्ये सर बार्न्स पीकॉक यांच्या न्यायालयाने तो मान्य केला, पण मान्य करताना एक रेघ ओढली. गोदी चालवणं हे कुणी खासगी माणूसही करू शकेल असं काम, म्हणून तिथे सरकार जबाबदार. जे काम फक्त राज्यसत्ताच करू शकते, त्यातल्या चुकीसाठी मात्र सरकारवर दावा नाही. घोड्याला न्याय मिळाला आणि पुढच्या कित्येक माणसांच्या वाटेत ही रेघ आडवी आली.

स्वातंत्र्यानंतर ती पुसता आली असती. ब्रिटनने स्वतः १९४७ मध्ये कायदा करून राजसत्तेवर सामान्य नागरिकासारखा दावा लावायला वाट करून दिली. आपल्या राज्यघटनेच्या कलम ३०० ने मात्र सांगितलं, की संसद किंवा विधिमंडळ वेगळा कायदा करेपर्यंत सरकारची जबाबदारी पूर्वी होती तेवढीच. म्हणजे साहेबाने आपल्या घरातलं जुनं जोखड काढून टाकलं आणि आपण ते जपून ठेवलं. पहिल्या विधी आयोगाने १९५६ मध्ये पहिलाच अहवाल या विषयावर दिला, कायदा करा म्हणून. विधेयकं संसदेपर्यंत गेली आणि बारगळली. कलम ३०० ला अपेक्षित असलेला तो कायदा आजही नाही.

दरम्यान रस्त्यावर माणसं मरतच होती. फेब्रुवारी १९५२ मध्ये उदयपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांची जीप दुरुस्ती होऊन परत येत होती. चालकाच्या बेफिकिरीने तिने पादचाऱ्याला धडक दिली, तीन दिवसांनी तो गेला. मागे पत्नी आणि लहान मुलगी. राजस्थान उच्च न्यायालयाने पंधरा हजार रुपये मंजूर केले, आणि १९६२ मध्ये ‘विद्यावती’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. राज्य कल्याणकारी म्हणवून घेतं, उद्योग चालवतं, मग नोकराच्या चुकीची जबाबदारी इतर मालकांसारखी का घेणार नाही, असा त्या निकालाचा सूर होता.

तो दोनच वर्षं टिकला. १९६४ च्या ‘कस्तुरीलाल’ खटल्यात गाडी नव्हती, सोनं होतं. १९४७ मध्ये मेरठ पोलिसांनी अमृतसरच्या एका सराफाला संशयावरून पकडलं, त्याचं शंभर तोळ्यांहून अधिक सोनं जप्त केलं. मालखान्याची जबाबदारी असलेला हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला. सरकारने भरून द्यायला नको का? निकाल लिहिला आपल्या साताऱ्याच्या, सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. अटक आणि जप्ती ही पोलिसांची कायद्याने दिलेली सार्वभौम कामं, त्यातल्या हयगयीबद्दल सरकारकडून भरपाई मागता येणार नाही, असं त्यांनी ठरवलं. आणि याच निकालात, ही स्थिती समाधानकारक नाही, कायदा करा, असंही लिहिलं. कामगारांच्या बाजूचे न्यायाधीश म्हणून ज्यांचा लौकिक, त्यांच्या हातून हे यावं, याची मला अजून रुखरुख वाटते.

पोलिसांच्या गाडीचं कोडं इथेच तयार झालं. ‘विद्यावती’मधली जीप वर्कशॉपमधून रिकामी परतत होती म्हणून सरकार अडकलं, असा भेद ‘कस्तुरीलाल’ने केला. मग तीच जीप आरोपीला पकडायला निघाली असती तर? त्या तर्काने चालकाची चूक तीच, मेलेला माणूसही तोच, पण गाडी कुठे चालली होती यावर विधवेचं नशीब ठरणार. कॉलवर निघालेली गाडी सर्वांत वेगात असते, सर्वांत धोकादायक असते, आणि नेमकी तिलाच कवच! लष्करी वाहनांच्या खटल्यांत तर याची परिसीमा झाली. कामावरच्या जवानांना जेवण पोचवणारा ट्रक सार्वभौम काम करतोय, असं पंजाबात ‘कस्तुरीलाल’च्याही आधी ठरलं होतं.

मुंबई उच्च न्यायालयाने यात शहाणपणाची वाट काढली. ‘सुग्राबाई’ खटल्यातल्या लष्करी ट्रकने वर्कशॉपमधून तोफखान्याच्या शाळेकडे यंत्र नेताना एका सायकलस्वाराला मारलं होतं. सैन्य ठेवणं सार्वभौम काम असेल, पण यंत्र इकडून तिकडे नेणं हे कुठलाही वाहतूकदार करू शकतो, म्हणून केंद्र सरकार जबाबदार, असं न्यायालयाने म्हटलं. १९६९ च्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’मध्ये हा निकाल आहे. तरीही हा युक्तिवाद गाडीतल्या मालाकडे बघणारा होता. चालकाने ब्रेक वेळेवर दाबला का, हा साधा प्रश्न अजून बाजूलाच होता.

तो मध्यभागी आला १९८४ मध्ये. ‘पुष्पा ठाकूर’ प्रकरणात लष्करी ट्रकच्या अपघाताबद्दल सर्वोच्च न्यायालयाने थोडक्यात सांगून टाकलं, की इथे सार्वभौमत्वाचा बचाव लागूच होत नाही. १९९४ च्या ‘नागेंद्र राव’ निकालाने त्या जुन्या भेदाचा पायाच खिळखिळा केला. ‘कस्तुरीलाल’ औपचारिकपणे रद्द झालेला नाही. तो ग्रंथालयात आहे, रस्त्यावर मात्र त्याला कुणी विचारत नाही.

कायदेमंडळाने मागच्या दाराने काही दिलं, हेही नोंदवलं पाहिजे. १९५६ च्या दुरुस्तीने अपघात दाव्यांसाठी न्यायाधिकरणं आली. १९८२ मध्ये, चूक कुणाची हे न बघता द्यायची भरपाई आली. मृत्यूसाठी पंधरा हजार, म्हणजे उदयपूरच्या कुटुंबाला तीस वर्षांपूर्वीच्या अपघाताबद्दल मिळालेली तीच रक्कम! २०१९ च्या दुरुस्तीने ती पाच लाखांवर नेली. पण १९८८ च्या कायद्याच्या कलम १४६ ने सरकारी वाहनांना विम्याच्या सक्तीतून वगळलं आहे. समोर विमा कंपनी असली की तिचा वकील लोकअदालतीत आकडा घेऊन बसतो. समोर शासन असलं की मंजुरीची फाइल कुठल्या टेबलावर आहे, याचा शोध आधी घ्यावा लागतो.

आणि सायरन? १९८९ च्या रस्ते नियमांत वाट द्यायची होती ती फक्त अग्निशमन दलाला आणि रुग्णवाहिकेला. पोलीस त्यात नव्हतेच. २०१७ च्या चालन विनियमांनी पोलिसांची गाडी यादीत घेतली. कुणाचा जीव वाचवायचा असेल, गंभीर इजा टाळायची असेल, तेव्हा लाल सिग्नल ओलांडायला, वेगमर्यादा मोडायला मुभा दिली. मात्र योग्य ती काळजी घेऊनच. ही मुभा दंडातून सुटका देते, निष्काळजीपणातून नाही. इंग्लंडमध्ये १९५९ च्या ‘गेनर’ खटल्यात पोलीस मोटारसायकलस्वाराला हेच सांगितलं गेलं होतं: काळजीचं माप इतर चालकांना लावतो तेच तुलाही.

यात चालक पोलिसाचीही बाजू आहे. लवकर पोचला नाही तर वरून विचारणा होते. घाईत कुणाला ठोकलं तर पैसे शासन देतं, पण गुन्हा त्याच्या नावावर चढतो, आणि मरणाला कारण ठरल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली शिक्षा पाच वर्षांपर्यंत. महाळुंग्याच्या रस्त्याची रुंदी त्याने ठरवलेली नसते.

१५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड आयुक्तालय सुरू झालं, तेव्हा चाकणचा हा पट्टा पुणे ग्रामीणकडून शहर पोलिसांकडे आला. चाकण ठाण्याच्या हाताखालच्या महाळुंगे चौकीच्या जागी पुढे स्वतंत्र एमआयडीसी ठाणं झालं. २०२१ मध्ये राज्यात ११२ आलं. गाड्या वाढल्या, कॉलवर पोचण्याची घाई वाढली. जानेवारी २०२५ मध्ये चाकण–शिक्रापूर रस्त्यावर एक कंटेनर वाहनांना धडका देत सुटला आणि पोलीस त्याच्या मागे लागले. अशा प्रसंगात पळणाऱ्याच्या विमा कंपनीवर दावा होतो. पाठलाग थांबवायला हवा होता का, हे आपल्याकडे सहसा कुणी विचारत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात याच प्रश्नावर १९९८ आणि २००७ मध्ये मोठे निकाल झाले, दोन्ही पोलिसांच्या बाजूने.

थोडक्यात, आज महाळुंग्यातल्या जखमी कामगाराचा दावा सार्वभौमत्वावर अडणार नाही. तो अडेल पंचनाम्यावर. अपघात पोलिसांच्या गाडीचा, आणि पंचनामा, जबाब, नकाशा लिहिणारं ठाणं बहुधा तेच. सायरन चालू होता का, गाडी कुठल्या बाजूने होती, कॉल खरंच जिवावर बेतलेला होता की किरकोळ भांडणाचा, हे सगळं त्याच कागदांतून न्यायाधिकरणापुढे जातं. ११२ने इथे नकळत एक सोय केली आहे: गाडीत बसवलेल्या यंत्रावर कॉल कधी आला, गाडी कुठे होती, कधी पोचली, याची नोंद होते. जखमीच्या वकिलाने पहिल्याच आठवड्यात लेखी अर्ज करून ती नोंद, गाडीचं लॉगबुक आणि स्टेशन डायरीतला उतारा जपून ठेवण्याची मागणी केली पाहिजे. सोबत शेजारच्या कंपनीच्या गेटवरचं सीसीटीव्ही चित्रणही मागावं, कारण ते लवकर पुसलं जातं. दावा लावायला एप्रिल २०२२ पासून सहाच महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्या भरवशावर कुणी थांबू नये.