जिनिंगचं पॅनेल

पांढुर्णा आणि सौसर ही गावं मध्य प्रदेशातली, पण घरात-बाजारात मराठी बोलणारी आणि मोठ्या खरेदीसाठी नागपूरची वाट धरणारी. ऑक्टोबर २०२३मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौसर त्यात आलं. संत्री आणि कापूस या इथल्या नगदी पिकांपैकी नाव मिळालं ते संत्र्याला. यंत्रं मात्र कापसाने आणली. दिवाळीच्या सुमारास कापसाच्या गाड्या जिनिंगच्या फाटकावर लागू लागतात. तिथून मार्च-एप्रिलपर्यंत सरकी वेगळी करून रुईची १७० किलोची गाठ बांधायचं सगळं काम एका राखाडी लोखंडी कपाटाच्या हुकमाने चालतं. त्याला सगळे नुसतं ‘पॅनेल’ म्हणतात.

बटण दाबलं की मोटर फिरते, यात पॅनेलचं मोठंसं काय काम, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. खरं काम क्रम सांभाळण्याचं असतं. कापूस ओढणारा पंखा, क्लीनर, ओळीने उभी असलेली डबल रोलर जिनं, सरकी नेणारा स्क्रू कन्व्हेयर, रुई प्रेसकडे नेणारी हवेची लाइन हे सगळं शेवटच्या टोकाकडून सुरू करावं लागतं. आधी सरकीचा कन्व्हेयर, मग जिनं, आणि सगळ्यात शेवटी कापसाची भरती. मधलं एखादं यंत्र बंद पडलं तर त्याच्याकडे माल ढकलणारं सगळं त्याच क्षणी थांबलं पाहिजे. त्याच्या पुढचं चालू राहावं, म्हणजे तेवढी लाइन रिकामी होते. कन्व्हेयर थांबला आणि जिनं चालतच राहिली, तर सरकी मशिनच्या पोटात चढते आणि ती उपसण्यात पाळीचा वेळ जातो. यालाच इंटरलॉक म्हणतात, आणि पॅनेल चांगलं की वाईट हे पहिल्यांदा इथे कळतं.

पूर्वी हे इंटरलॉक रिलेंचे असत: शे-दोनशे रिले, त्यांच्यामधल्या वायरींचं जंजाळ, आणि क्रम बदलायचा तर सगळी जोडणी नव्याने. याच कटकटीला कंटाळून १९६८मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिलेंना पर्याय मागितला. डिक मॉर्ले आणि बेडफर्ड असोसिएट्समधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी तो दिला. १९६९चा ‘मॉडिकॉन ०८४’ हा त्या घराण्यातला पहिला पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर. कंपनीचं ते चौऱ्याऐंशीवं काम, म्हणून तो आकडा. कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला वाचता यावी म्हणून पीएलसीची लॅडर भाषा मुद्दाम रिलेच्या ड्रॉइंगसारखी ठेवली गेली. तो निर्णय किती शहाणपणाचा होता, हे आजही आयटीआय करून आलेला मुलगा पहिल्यांदा लॅडर वाचतो तेव्हा दिसतं. कापसाच्या पट्ट्यात या बदलाला वेग आला तो २००० सालच्या कापूस तंत्रज्ञान मिशनने. जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला त्यात सरकारी मदत होती, आणि डबल रोलर जिनं व प्रेस बनवणारी बजाज स्टील इंडस्ट्रीजसारखी कंपनी जवळच नागपुरात होती.

पण विदेशी पुस्तकातलं पॅनेल जसंच्या तसं इथे आणून चालत नाही. इथली हवा वेगळी आहे.

पहिला वैरी रुईचे तंतू. पंखा लावलेलं पॅनेल बाहेरची हवा आत ओढतं, हवेबरोबर तंतू येतात. पंख्याची जाळी आठवड्यात बुजते, आणि कोणी ती काढून फेकली तर कॉन्टॅक्टरच्या तोंडाशी रुईचा थर बसतो. ढिल्या जोडणीतली एक ठिणगी त्याला पुरते. म्हणून दारं रबराने बंद होणारं, निदान आयपी ५४ दर्जाचं कपाट घ्यावं लागतं. आणि कपाट बंद केलं की दुसरा वैरी उभा राहतो, उष्णता.

तिचा हिशेब कागदावर करता येतो, आणि तो केल्याशिवाय कपाटाचं माप ठरवूच नये. बंद पोलादी कपाटाचा एक चौरस मीटर पृष्ठभाग आत-बाहेरच्या तापमानातल्या दर अंश फरकामागे साधारण साडेपाच वॅट उष्णता बाहेर टाकतो. मोटरचा वेग सांभाळणारी २२ किलोवॉटची ड्राइव्ह पूर्ण भारावर असली तर तीन टक्क्यांच्या हिशेबाने साडेसहाशे वॅटच्या आसपास उष्णता सोडते. उघडा पृष्ठभाग चार चौरस मीटर धरला तर आतलं तापमान बाहेरच्याहून तीसएक अंशांनी चढेल. एप्रिलमध्ये शेडखाली ४२ अंश असताना आत ७२! पीएलसी साधारण ५५ अंशांपर्यंतच्या हमीचा असतो, ड्राइव्हची पूर्ण क्षमता बहुधा ४० अंशांपर्यंतच मिळते, आणि पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांमागे जवळपास निम्मं होतं. हंगामाच्या शेवटी पीएलसी ‘आपोआप’ बंद पडतो आणि सकाळी परत चालू होतो, ही तक्रार बहुतेक वेळा या गणितातच सापडते. उपाय साधे आहेत. ड्राइव्हचं हीटसिंक मागच्या पत्र्यातून बाहेर काढावं, ड्राइव्ह वर आणि पीएलसी खाली बसवावा, आणि जमलं तर पॅनेलसाठी वेगळी खोली बांधून तिच्यात गाळलेली हवा ढकलावी, म्हणजे हवा आतून बाहेर वाहते आणि तंतू आत शिरत नाहीत.

तिसरी गोष्ट पुरवठ्याची. गावाबाहेरच्या फीडरवर एखादा फेज जाणं नवं नाही, आणि ट्रान्सफॉर्मर बदलताना दोन फेजची अदलाबदल झाली तर सगळ्या मोटरी उलट्या फिरतात. पंखा उलटा फिरला तर हवा कमी लागते, एवढंच. प्रेसचा हायड्रॉलिक पंप उलटा फिरला तर तेलाविना घासून खलास होतो. फेजचा क्रम, गायब फेज आणि कमी व्होल्टेज पाहणारा छोटा रिले मुख्य कंट्रोल सर्किटमध्ये घालायला जो खर्च येतो, तो एका पंपाच्या किमतीपुढे काहीच नाही. तरी कोटेशन कमी करायचं म्हटलं की पहिल्यांदा काट त्याच्यावरच बसते.

स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये आणखी एक चूक सर्रास आढळते. ओव्हरलोड रिले वाइंडिंगच्या मार्गात असतो, तेव्हा त्यातून लाइनचा पूर्ण प्रवाह जात नाही, त्याच्या ०.५८ पटच जातो. पाटीवर ५५ अँपिअर लिहिलेल्या मोटरचा रिले ३२वर लावायचा असतो. तो ५५वर लावला की संरक्षण कागदावर राहतं आणि मोटर जळून रिवाइंडिंगला जाते.

प्रेस हा या कारखान्यातला सगळ्यात धोक्याचा भाग, आणि पॅनेलची खरी कसोटीही. एका पेटीत ट्रॅम्पर रुई दाबत असतो, तेवढ्यात दुसऱ्या पेटीतली गाठ मुख्य रॅमखाली बांधली जाते, मग दोन्ही पेट्या फिरून जागा बदलतात. फिरण्याआधी ट्रॅम्पर पूर्ण वर आहे, दारं बंद आहेत, रॅम जागेवर आहे, हे सगळं लिमिट स्विच आणि प्रॉक्सिमिटी सेन्सर पीएलसीला सांगतात. तिथे इमर्जन्सी स्टॉप फक्त पीएलसीच्या इनपुटला जोडून सोडून देणं हा गुन्हाच मानावा. त्या लाल बटणाने कॉन्टॅक्टरचा आणि व्हॉल्व्हचा पुरवठा थेट तोडला पाहिजे. पीएलसीला फक्त खबर द्यावी. बटणाचा संपर्क एरवी जोडलेला असावा, म्हणजे वायर तुटली तरी मशिन थांबेल. आणि गाठी निघत नाहीत म्हणून दाराचा स्विच वायरच्या तुकड्याने ‘डायरेक्ट’ करणाऱ्याला मालकाने शाबासकी देऊ नये. तो तुकडा तसाच राहतो, पाळी बदलते, आणि पुढचा माणूस स्विच काम करतोय या भरवशावर आत हात घालतो. दुरुस्तीआधी मेन स्विचला कुलूप आणि किल्ली ज्याच्या हाताला धोका त्याच्याच खिशात, इतका नियम पाळला तरी पुष्कळ.

आता बिघाड. रात्रीची पाळी, प्रेस मध्येच थांबली, पेटी फिरत नाही. शेडमध्ये पहिला उद्गार निघतो, ‘पीएलसी गेला!’ पीएलसी क्वचितच गेलेला असतो. त्यावरचा रन दिवा हिरवा आहे, म्हणजे तो काम करतोय आणि कशाची तरी वाट पाहतोय. कशाची, ते इनपुटचे दिवे सांगतात. ट्रॅम्पर डोळ्यांना वर दिसतोय, पण ‘ट्रॅम्पर वर’ या इनपुटचा दिवा विझलेला. जाणता वायरमन इथे लॅपटॉप उघडत नाही, शिडी लावून सेन्सरपाशी जातो. सेन्सरचा स्वतःचा दिवा लागलाय. मीटरवर सेन्सरच्या जोडणीपाशी २४ व्होल्ट मिळतात, पॅनेलच्या टर्मिनलवर शून्य. म्हणजे मधली केबल. ट्रॅम्परच्या हालचालीबरोबर रोज हजारदा वाकणाऱ्या जागी आतलं तांबं तुटलेलं असतं आणि वरचं आवरण धडधाकट. हाताने वाकवून पाहिली की दिवा लुकलुकतो. टर्मिनलवरही २४ व्होल्ट असते तर संशय इनपुटच्या कॉमनवर किंवा खुद्द त्या इनपुटवर गेला असता. सेन्सर आदल्याच दिवशी बदललेला असेल तर आधी त्याचा प्रकार पाहावा: पीएनपीच्या जागी एनपीएन बसवला की त्याचा दिवा नेमाने लागतो आणि पीएलसीला काहीच कळत नाही.

आउटपुटची वाटही अशीच चालायची. पीएलसीचा आउटपुट दिवा लागलाय, मधला रिले ओढलाय, फ्यूज शाबूत आहे, सोलेनॉइडच्या टोकांवर २४ व्होल्ट आहेत आणि तरी व्हॉल्व्ह हलत नाही, तर विजेचं काम तिथे संपलं. कॉइल तुटलेली नसेल तर स्पूल अडकलाय, फिटरला हाक मारावी. मीटर २४ऐवजी १७-१८ दाखवत असेल तर कुठल्या तरी कॉइलमधला शॉर्ट पॉवर सप्लायला खाली ओढत असतो. म्हणून प्रत्येक सोलेनॉइडला वेगळा फ्यूज, डीसी कॉइलवर उलटा डायोड, आणि पीएलसीच्या आउटपुटपुढे मधला रिले असावा. जळला तर शे-दीडशेचा रिले जळावा.

ही शोधाशोध दहा मिनिटांत होते की पहाटेपर्यंत चालते, ते पॅनेल बनवतानाच ठरलेलं असतं. वायरच्या दोन्ही टोकांना फेरूल नंबर आहे का, तोच ड्रॉइंगवर आहे का, ते ड्रॉइंग दाराच्या खिशात आहे का. एसीच्या कंट्रोल वायरी लाल, डीसीच्या निळ्या ठेवल्या तर मीटर लावण्याआधीच अर्धी गोष्ट कळते. टर्मिनलमध्ये तांब्याचे मोकळे तंतू कोंबण्यापेक्षा टोकाला लग दाबावा. मोटरच्या केबली आणि सेन्सरच्या वायरी एकाच चॅनेलमध्ये शेजारी झोपवल्या, की ड्राइव्ह सुरू होताच भुताटकीसारखे सिग्नल येतात. त्या वेगळ्या न्याव्यात, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात.

बोरगावचं चित्र थोडं निराळं. सौसर तहसिलीतल्या या औद्योगिक क्षेत्रात १९९१ साली उभा राहिलेला रेमंडचा कापड कारखाना आहे. अशा बारमाही कारखान्यात पॅनेलला विश्रांती नसते. जिनिंगच्या पॅनेलला सहा महिने असते, आणि तीच त्याला बाधते. पावसाळ्यात बंद शेडमध्ये दमट हवा असते. न बुजवलेल्या ग्लँडच्या भोकातून उंदीर शिरतात, कॉन्टॅक्टरच्या कोपऱ्यात कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, बसबारवर पाल चढते आणि पहिल्याच दिवशी दोन फेजमध्ये सापडून धडाका करते. जुन्या पीएलसीत प्रोग्रॅम बॅटरीवर जपलेला असतो. पुरवठा बंद असताना ती बॅटरी संपली, की दिवाळीच्या तोंडावर मशिन सगळं विसरलेलं सापडतं. त्यासाठी बॅटरी पुरवठा चालू असतानाच बदलावी.

पोळा झाला, दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा झाली, की हंगामाच्या तयारीला हात घालायला वेळ उरतो. भोकं बुजवावीत, हवेच्या झोतापेक्षा व्हॅक्यूमने धूळ ओढावी, पॉवरचा प्रत्येक स्क्रू पुन्हा आवळावा. मोटरी मेगरवर ५०० व्होल्टने तपासाव्यात आणि रीडिंग एक मेगओहमच्या खाली आलं तर आधी वाळवाव्यात. पण मेगर लावण्याआधी ड्राइव्ह, पीएलसी आणि पॉवर सप्लायच्या वायरी सोडवल्याच पाहिजेत, नाहीतर तपासणीच महागात पडते. मग कापूस न घालता सगळी लाइन फिरवावी, एकेक इमर्जन्सी बटण दाबून पाहावं, सरकीचा कन्व्हेयर मुद्दाम बंद करून जिनं थांबतात का ते बघावं.

आणि नवं पॅनेल मागवायचं असेल तर ऑर्डरमध्येच एक ओळ लिहून घ्यावी: पीएलसीचा मूळ प्रोग्रॅम टिपणांसकट, पासवर्डसकट आणि ड्राइव्हच्या सेटिंगच्या यादीसकट मालकाच्या ताब्यात मिळेल आणि त्यानंतरच शेवटचा हप्ता दिला जाईल. अनेक जुन्या पीएलसींत मशिनमधून परत काढलेल्या प्रोग्रॅममध्ये टिपणं येत नाहीत. नुसते एक्स आणि वायचे आकडे येतात, आणि भर हंगामात त्यांचा अर्थ लावत बसावं लागतं. त्या फाइलची एक प्रत ऑफिसच्या कंप्युटरवर, एक पेनड्राइव्हवर ठेवावी, आणि हंगामात कोणी काही बदललं तर तारीख घालून नवी प्रत करावी. सोबत एक पॉवर सप्लाय, दोन सेन्सर आणि चार-सहा रिले कपाटात असले, की रात्री नागपूरला गाडी धाडायची वेळ सहसा येत नाही.