गटाराच्या तोंडाशी एक मासा

दिवाळीआधीचा एखादा रविवार. घराला रंग देऊन झालेला असतो. रंगारी जाता जाता ब्रश धुतो आणि डब्यातले पांढरट पाणी हातात घेऊन विचारतो, "ताई, हे कुठे ओतू?" आतून उत्तर येते, "ओता की तिकडे गटारात!" फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला लोखंडी जाळी असते. पाणी तिच्यात ओतले जाते आणि दोन बादल्या साध्या पाण्याने डागही निघून जातो. गेले एकदाचे! या 'गेले'वर आपण फार समाधानी असतो. मोटार धुतलेले साबणाचे पाणी, स्कूटरचे काढलेले काळे तेल, दुकानापुढचा झाडलेला कचरा, सारे काही त्या जाळीत 'जाते'. कुठे जाते, हे विचारायला तिथे कोणी थांबत नाही.

जगातल्या काही गावांतली माणसे मात्र नेमकी या जाळीपाशी थांबली. नुसती थांबली नाहीत, तर गुडघे टेकून बसली आणि हातात रंगाचा ब्रश घेऊन तिथे त्यांनी एक मासा काढला. गटाराच्या तोंडाशी मासा! ऐकायला गमतीचे वाटते खरे; पण या चित्रामागची हकीकत गमतीपुरती नाही.

ती समजण्यासाठी आधी गटाराची थोडी ओळख करून घ्यायला हवी. शहराच्या पोटात सांडपाण्याच्या दोन वाटा असतात. घरातल्या संडासाचे, मोरीचे, स्वयंपाकघराचे पाणी मलवाहिनीतून शुद्धीकरण केंद्राकडे जाते, निदान जावे अशी योजना असते. रस्त्यावरच्या जाळीखाली असते ते पावसाळी गटार. महापालिकेच्या भाषेत पर्जन्यजलवाहिनी. रस्त्यावर पडलेला पाऊस लवकरात लवकर ओढ्यात, नदीत किंवा खाडीत नेऊन सोडणे एवढेच त्याचे काम. वाटेत गाळणी नाही, शुद्धीकरण नाही. लंडनसारख्या जुन्या शहरांच्या बऱ्याच भागात दोन्ही पाणी एकाच नळातून वाहते. पण उत्तर अमेरिकेतल्या अनेक शहरांत या वाटा वेगळ्या आहेत. तिथे रस्त्यावरच्या जाळीत ओतलेला डबा म्हणजे थेट नदीत ओतलेला डबा. फक्त ओतणाऱ्याला नदी दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

न दिसणारी ही नदी दाखवायची कशी? कॅनडातल्या कॅलगरी शहरातून बो नदी वाहते. रॉकी पर्वतातून उतरणारी ही नदी ट्राउट माशांसाठी प्रसिद्ध आहे. 'ट्राउट अनलिमिटेड कॅनडा' या संस्थेने 1991 साली तिथे एक साधा उपक्रम सुरू केला. नाव 'यलो फिश रोड', म्हणजे पिवळ्या माशाचा रस्ता. शाळेतली मुले, बालवीर आणि त्यांच्याबरोबर आईवडील असे घोळके निघायचे. गटाराच्या तोंडाशी साचा ठेवून पिवळ्या रंगात मासा काढायचा आणि शेजारी लिहायचे : 'फक्त पावसाचे पाणी'. मग त्या गल्लीतल्या घरांच्या दारांना माशाच्या आकाराचा कागद अडकवायचा. त्यावर मजकूर असे की, तुमच्या दारापुढचे गटार नदीला मिळते, त्यात काय टाकता ते बघा. हा उपक्रम पुढे कॅनडाभर पसरला.

यात कोणाला दंड नव्हता की दरडावणी नव्हती. 'येथे कचरा टाकू नये, हुकुमावरून' अशी पाटी आपल्या ओळखीची आहे, आणि त्या पाटीखालचा ढीगही. पिवळा मासा हुकूम करत नव्हता. 'मी इथे खाली राहतो,' एवढेच तो सांगत होता.

अमेरिकेत या चित्रांना कायद्याचेही पाठबळ मिळाले. तिथला जलप्रदूषणाचा मोठा कायदा 1972 सालचा. त्याचा पहिला रोख कारखान्यांच्या आणि मलनिस्सारणाच्या नळांवर होता. नळ दिसतो, त्याचा मालक सापडतो, त्याला जाब विचारता येतो. पण पावसाबरोबर साऱ्या शहराच्या अंगावरून धुऊन जाणाऱ्या घाणीचा मालक कोण? म्हणून 1987 साली कायद्यात दुरुस्ती होऊन पावसाळी गटारे त्याच्या कक्षेत आली आणि 1999 च्या नियमांनी लहान शहरांवरही जबाबदारी टाकली. त्या जबाबदारीत लोकशिक्षण आणि लोकसहभाग या दोन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या होत्या. गटारापाशी साच्याने संदेश रंगवणे हा त्याचा सोपा आणि स्वस्त मार्ग ठरला.

लोकांना सांगण्यासारखे होतेही पुष्कळ. एका मोटारीचे तेल एकदा बदलले की जे जुने तेल निघते, तेवढे दहा लाख गॅलन गोडे पाणी नासवू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. कुत्र्याची विष्ठा, बागेतले खत, कीटकनाशक, सिगारेटची थोटके ही यादी वाढतच जाते.

मग साच्याच्या जागी हळूहळू खरीखुरी चित्रे आली. चित्रकारांनी आणि शाळांनी जाळीभोवतीचा पदपथच कॅनव्हास केला. गटाराचे उघडे तोंड हेच एखाद्या मोठ्या माशाचा जबडा झाले, कुठे जाळीतून ऑक्टोपसचे हात बाहेर आले, कुठे बगळा पाण्यात डोकावू लागला. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, चित्रातला प्राणी शक्यतो त्या गावच्या पाण्यातला असतो. चेसापीक उपसागराच्या काठी निळा खेकडा, पॅसिफिकच्या काठी सॅमन. मुलाने हाताने रंगवलेला खेकडा त्याच्या ओळखीचा होतो, आणि ओळखीच्या माणसाच्या तोंडावर सहसा कोणी घाण पाणी फेकत नाही.

आता एखादा रोखठोक वाचक विचारेल, "चित्राने पाणी साफ होते का?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर 'नाही' असे आहे. ते किती कठोर 'नाही' आहे, हे सिएटल शहराच्या सॅमन माशांनी दाखवून दिले.

सॅमन म्हटले की आपल्याला रावस आठवतो, कारण त्याला बाजारात 'इंडियन सॅमन' म्हणतात. पण दोघांचे नाते नावापुरतेच. खरा सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि शेवटी आपल्या जन्माच्या ओढ्यात परत येऊन, अंडी घालून मरतो. सिएटल परिसरातले असे ओढे शहराने गिळले होते. 1990 नंतरच्या दशकात लोकांनी ते पुन्हा सावरायला घेतले. अडथळे काढले, तळाशी खडी पसरली, काठाला झाडे लावली. आणि कोहो जातीचे सॅमन खरोखरच परत आले! माहेरी आलेल्या लेकीसारखे त्यांचे कौतुक झाले असणार. पण पाऊस पडला की हेच मासे पाण्याच्या वर येऊन तोंड उघडझाप करू लागत, गोल गोल फिरत, तोल जाऊन कलंडत आणि काही तासांत मरत. माद्यांचे पोट चिरून पाहावे तर आत अंडी तशीच. काही ओढ्यांत परतलेल्या कोहोंपैकी 40 ते 90 टक्के मासे अंडी घालण्याआधीच मरत होते.

शास्त्रज्ञांनी एकेक संशयित तपासला. पाण्याचे तापमान, प्राणवायू, रोग, कीटकनाशके, सारे निर्दोष निघाले. संशय रस्त्यावरून वाहून येणाऱ्या पाण्यावर होता. पण त्यात शेकडो रसायने. अखेर वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी मोटारीच्या टायरचा चुरा पाण्यात भिजवला आणि त्या पाण्यातल्या दोन हजारांहून अधिक रसायनांतून गाळत गाळत डिसेंबर 2020 मध्ये खरा गुन्हेगार जाहीर केला. टायरला तडे जाऊ नयेत म्हणून त्यात '6पीपीडी' नावाचे रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याचा संयोग झाला की '6पीपीडी-क्विनोन' तयार होते. टायर झिजतो, चुरा रस्त्यावर पडतो, पाऊस येतो, जाळी उघडीच असते. आणि खाली कोहो असतो.

इथे पिवळ्या माशाची मर्यादा उघड होते. रंगाचा डबा ओतणाऱ्याला तो थांबवू शकतो. पण इथे तर कोणी काहीच ओतले नव्हते. मुलाला शाळेत सोडायला निघालेल्या आईच्या गाडीनेही तो चुरा सोडला होता आणि ओढ्याकाठी झाडे लावायला आलेल्या स्वयंसेवकाच्या गाडीनेही. हात आखडता घेऊन हे विष थांबणारे नाही.

मग चित्र फुकट गेले का? मला तसे वाटत नाही. आपल्या दारापुढची जाळी ओढ्याचे तोंड आहे हे ज्या वस्तीला ठाऊक आहे, तीच वस्ती ओढ्यात मेलेल्या माशाबद्दल प्रश्न विचारते. सिएटलच्या ओढ्याकाठी स्वयंसेवक चिखलातून फिरून मेलेले मासे मोजतात. उपायही प्रश्न विचारल्यावरच सापडतात. रस्त्याचे तेच विषारी पाणी वाळू, खत आणि झाडांच्या सालींच्या थरातून झिरपू दिले तर त्यात कोहो जगतात, हे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दाखवले. म्हणजे गटाराआधी मातीचा एखादा वाफा असला तरी पुष्कळ काही साधते. आणि 2023 साली तिथल्या आदिवासी जमातींच्या अर्जावरून सरकारने टायरमधल्या या रसायनावर नियम करण्याची प्रक्रिया सुरू करण्याचे मान्य केले. गटारापाशी काढलेला मासा असा दोघांशी बोलतो. शेजाऱ्याला म्हणतो, ओतू नका. आणि कारखानदाराला, सरकारला विचारतो, तुम्ही काय सोडता आहात?

आपल्याकडे हा मासा काढला तर? जमिनीवर चित्र काढणे आपल्याला नवे नाही. उंबऱ्यापुढची रांगोळी आपण रोज पुसली जाणार हे माहीत असून काढतो, आणि तिच्यावर पाय पडू नये म्हणून अनोळखी माणूसही वळसा घालून जातो. चित्राने माणसाला आवरणेही नवे नाही. जिन्याच्या कोपऱ्यात कोणी पिचकारी मारू नये म्हणून देवांच्या फरशा बसवतोच की! मात्र ती भीतीची भाषा. फरशी जिथे संपते तिथे पुन्हा लाल डाग सुरू होतात. माशाची भाषा शेजाराची आहे.

आणि शेजारी आपल्याकडेही कमी नाहीत. मुंबईच्या गटारांचे आणि नाल्यांचे पाणी ज्या समुद्रात आणि खाड्यांत जाते, तिथे चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या आहेत, चिंबोऱ्या आहेत. ठाण्याच्या खाडीत हजारो फ्लेमिंगो उतरतात; तिथे 2015 साली त्यांचे अभयारण्य झाले आणि 2022 साली ही खाडी रामसर यादीत गेली. वर्सोव्याचा किनारा लोकांनी हाताने साफ केल्यावर 2018 साली तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले दिसली. चित्राला विषय शोधायला नको.

अडचण वेगळीच आहे. 'फक्त पावसाचे पाणी' हे तीन शब्द आपल्या गटारापाशी लिहायला गेलो तर ते खरे ठरतील का? पाऊस नसताना, ऐन एप्रिल-मे महिन्यात, आपले नाले काळे पाणी घेऊन वाहत असतात. ते पाणी आभाळातून आलेले नसते. मलवाहिनी न पोहोचलेल्या कित्येक वस्त्यांना दुसरी वाटच ठेवलेली नाही. त्यांना 'ओतू नका' म्हणणे सोपे. पण कुठे ओतायचे, ते सांगणार कोण? कोहोच्या बाबतीत जसे बोट टायरकडे वळले, तसे इथे ते आधी नगरव्यवस्थेकडे वळते.

आपण तर नदीचे नावही हरवून बसलो होतो. मिठी, ओशिवरा, पोईसर, दहिसर या मुंबईच्या नद्या. पण कित्येकांच्या तोंडी त्यांचा 'नाला' झाला. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस कोसळला तेव्हा मिठी ही नदी आहे, हे अनेकांना ती घरात शिरल्यावर कळले. ओळख पटायला एवढी मोठी किंमत मोजण्यापेक्षा रंगाचा एक डबा स्वस्त पडेल.

म्हणून पावसाळा सरल्यावरच्या एखाद्या रविवारी मुलांना घेऊन खाली उतरायला हरकत नाही. आधी चित्र नको, आधी पत्ता शोधू. आपल्या फाटकासमोरची जाळी कुठल्या नाल्याला मिळते, तो नाला कुठल्या नदीला, ती कुठल्या खाडीला, हे प्रभाग कार्यालयात विचारू. तिथे सांगता आले नाही, तर तेही मुलांना कळू द्या. मग परवानगी काढून, रस्त्यावरची वाहने सांभाळून, जाळीच्या कडेला एक निवटी काढा, एक चिंबोरी काढा आणि खाली त्या नदीचे खरे नाव लिहा. पुढच्या पावसात आणि चाकांखाली रंग फिका पडेल. हरकत नाही, रांगोळी तर आपण रोज काढतो, ही वर्षातून एकदा काढू. आणि पुढच्या दिवाळीत रंगारी पुन्हा विचारील, "ताई, हे कुठे ओतू?" तेव्हा आतून उत्तर येण्याआधी घरातले एखादे पोर धावत बाहेर येईल आणि त्या जाळीपुढे आडवे उभे राहील.