तीन फुटांचं अजस्र यान!

'स्टार वॉर्स'च्या (१९७७) सुरुवातीचं ते अजस्र 'स्टार डिस्ट्रॉयर' आठवतंय? डोक्यावरून जातच राहणारं! कथेत त्याची लांबी १,६०० मीटर. शूटिंगचं मॉडेल मात्र जेमतेम तीन फुटांचं. ऑफिस सुटल्यावर 'ब्लेंडर' या चक्क फुकट सॉफ्टवेअरवर मी स्वतःचं यान बनवतो, तेव्हा हीच युक्ती वापरतो. कम्प्युटरला लहान-मोठं कळत नाही. भव्यता आपण आणायची. खिडक्या टाचणीच्या टोकाएवढ्या करा, पत्र्यावर बारीक पाइप, सांधे दाखवा आणि यान सावकाश हलवा. भर्रकन वळलं, की झालं खेळणं! सेकंदाला २४ फ्रेम्स, म्हणजे दहा सेकंदांच्या २४०. रेंडरिंगला रात्र जाते. पण दिवसभर दुसऱ्यांच्या डेडलाइन्स सांभाळल्यावर हे दहा सेकंद फक्त माझे असतात, बॉस!