हळद, साबण आणि हेड गॅस्केट

तेलंगणातल्या मंचेरियलहून एक रस्ता आसिफाबाद-वांकिडीमार्गे राजुरा, चंद्रपूरकडे जातो. दुसरा चेन्नूरवरून प्राणहिता ओलांडून सिरोंच्याला. दोन्हींवर मालाचे ट्रक धावतात. उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर चढतो, इंजिन तापतं, रेडिएटर गळू लागतो आणि गॅरेज नेमकं लांब असतं. मग चालक हाती लागेल ते करून पाहतो. त्याच्या या उपायांचा खरा पारखी म्हणजे पुढच्या गावातला मिस्त्री.

सगळ्यांत जुना उपाय हळदीचा. रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली की ती पाण्याबरोबर फिरते, फुगते आणि भेगेत जाऊन बसते. गळती खरोखर थांबते. पण हळदीला भेग कुठली आणि नळी कुठली हे कळत नाही. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही तिचा गाळ साचतो. चार दिवसांनी गाडी पुन्हा तापते, आणि आता गळती दिसत नसल्यामुळे कारण सापडत नाही. मिस्त्री वॉटर पंप उघडतो, पंख्याचा पट्टा तपासतो, दिवस घालवतो. त्याचा राग हळदीवर नसतो. चालकाने ती टाकल्याचं सांगितलं नाही, यावर असतो. म्हणून जाणता मिस्त्री पान्याला हात लावण्याआधी विचारतो, ‘आधी काय काय केलं?’

पेट्रोलच्या टाकीला भोक पडलं तर त्यावर अंगाचा साबण घासतात. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे गाडी गावापर्यंत पोचते. नंतर तो खरवडून टाकी नीट जोडता येते. हा उपाय मिस्त्रींना मान्य आहे, कारण तो मागे फिरवता येतो. डिझेल इंजिनने हवा धरली की स्क्रू ढिला करून हवा काढणं तर चालकालाच नव्हे, इंजिन वापरणाऱ्या शेतकऱ्यालाही यायलाच हवं.

तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणं मात्र कधीच माफ होत नाही. बिडाच्या हेडला तडा गेला की गेला.

मोटेच्या जागी आलेल्या ऑइल इंजिनाचंही असंच. किर्लोस्करचं 5 अश्वशक्तीचं एव्ही-1 घ्या. सिलिंडरचा व्यास 80 मिलिमीटर, स्ट्रोक 110, दाब-गुणोत्तर 16.5. हेडमधून गळतंय म्हणून जुन्या गॅस्केटवर आणखी एक मिलिमीटरभर जाडीचं गॅस्केट चढवलं, तर पिस्टनवरची सुमारे 36 घनसेंटिमीटरची जागा 41 होते आणि गुणोत्तर साडेचौदापर्यंत उतरतं. डिझेल पेटतं ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेने. ती कमी पडली की इंजिन सकाळी लवकर सुरू होत नाही आणि पांढरा धूर ओकतं. मालक नोझल बदलतो, पंप दुरुस्तीला पाठवतो; दोष असतो त्या जादा गॅस्केटमध्ये.

मिस्त्रींच्या पदरातही चूक आहे, आणि ती लपवू नये. ‘आपल्या उन्हात लागतो कशाला’ म्हणत थर्मोस्टॅट काढून फेकणारे कित्येकदा गॅरेजवालेच असतात. त्याने गाडी गार राहते. पण इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोचतं, डिझेल जास्त खातं आणि लवकर झिजतं.

एप्रिल 2020 पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-6 गाड्यांनी ‘उपाय मागे फिरवता येतो का’ ही कसोटी आणखी कडक केली आहे. बहुतेक नव्या ट्रकांना धूर स्वच्छ करायला 32.5 टक्के शुद्ध युरियाचं द्रावण लागतं. गोदावरीपलीकडे रामगुंडमला खताचा कारखाना आहे, युरियाची गोणी कुठेही दिसते, आणि तीच पाण्यात विरघळवायचा मोह होतो. पण शेतीच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, त्यात इतर अशुद्धीही असतात. त्यांनी फवारा तुंबतो, धूर शुद्ध करणारा महागडा भाग निकामी होतो. तिथे कुठलाच मिस्त्री मदत करू शकत नाही.

वाटेत अडलात तर जे पुन्हा काढता येईल तेवढंच करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आणि गॅरेजात पोचल्यावर, बोलणी खावी लागली तरी चालतील, पण केलेलं सगळं मिस्त्रीला आधी सांगा.