कण्यातली भूल आणि रक्तदाबाचा तोल

शस्त्रक्रियागृहातून बाहेर आल्यावर आमच्या लेकीने सांगितली ती वेदनेची गोष्ट नव्हेच. “बाबा, पाठीत सुई दिल्यावर थोड्याच वेळात जीव कासावीस झाला, मळमळू लागले.” तिने ते लागलीच बोलून दाखविले, उशाशी उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञ बाईंनी शिरेतल्या औषधाची मात्रा वाढविली आणि ती सावरली. नात सुखरूप होती. पण माझे मास्तरी कुतूहल स्वस्थ बसेना. दुसऱ्या दिवशी बाईंनाच गाठले.

कण्यात औषध घालून कमरेखालचे अंग बधिर करण्याची ही रीत जर्मन शल्यविशारद ऑगस्ट बिअर यांनी १८९८ साली रूढ केली. सिझेरियनला आज बहुधा तीच पसंत करतात. आई जागी राहते, बाळाचा पहिला टाहो ऐकते. मात्र हे औषध केवळ वेदनेच्या नसांना निजवीत नाही. रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही त्याने निजतात. वाहिन्या सैलावतात, रक्त पायांकडे साचते, हृदयाकडे परतणारा ओघ मंदावतो. त्यातच आई उताणी निजली, तर गर्भाशयाचा भार पोटातील मोठ्या नीलेवर पडतो. वारेतून बाळाला मिळणारे रक्त तर आईच्याच रक्तदाबावर अवलंबून!

“दाब उतरणार हे ठाऊक असताना उतरण्याची वाट का पाहावी?” बाई म्हणाल्या. (नापास झाल्यावर शिकवणी लावणाऱ्या पालकांची मला आठवण झाली.) म्हणून भूल देतानाच सलाईन वेगाने सोडतात, उजव्या कुल्ल्याखाली उशी सरकवून आईला डावीकडे कलती ठेवतात आणि वाहिन्या आवळणारे फेनिलेफ्रिन आरंभापासूनच शिरेतून चालू करतात. पूर्वी एफेड्रिनवर भिस्त असे. परंतु ते वार ओलांडून बाळाच्या रक्तातील आम्लता वाढवू शकते, म्हणून मागे पडले. फेनिलेफ्रिनही निर्दोष नव्हे, त्याने नाडी मंदावते. सबब बाईंची नजर यंत्रावरून हटत नाही. वरचा दाब मूळच्या नव्वद टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नये, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमतीपत्रात २०१८ साली सुचविले गेले.

एवढे करूनही दाब कधी थोडा घसरतोच, आणि यंत्रावर आकडा उमटण्याआधी मळमळ त्याची वर्दी देते. आपल्या घरांत लेकीला ‘सोसायला शीक’ असे बजावून धाडण्याची चाल आहे. धाकट्या सूनबाईंचे दिवस भरत आले आहेत. आमच्या सौभाग्यवतींनी तिला परवाच सांगून ठेवले : तिथे मुळीच सोसू नकोस, जरा अस्वस्थ वाटले की हाक मार.