खांद्यावर मढं, तोंडात उत्तर
(लेखमाला ‘भीतीची पुस्तकं’ : भाग 6)

गेल्या आठवड्यात नारायण धारपांचे समर्थ पाहिले. तिथे भूत आलं की मागोमाग त्याला घालवणारा माणूसही येतो. या वेळच्या पुस्तकात तशी सोय नाही. इथे राजा स्वतःच भुताला झाडावरून उतरवून आणतो, आणि दर खेपेला स्वतःच्याच जिभेपायी त्याला गमावून बसतो. पुस्तक ओळखीचं आहे : वेताळपंचविशी.

‘हात्तिच्या, ते तर पोरांचं पुस्तक!’ असं धावडा गावच्या पारावर कुणी म्हणालं तर त्याला दोष देता येणार नाही. एका हातात तलवार, खांद्यावर लोंबकळतं प्रेत आणि मागे स्मशान, हे शंकर यांनी काढलेलं ‘चांदोबा’तलं चित्र कितीतरी जणांच्या डोळ्यांत अजून तसंच आहे. 1985 साली दूरदर्शनवर अरुण गोविल विक्रम झाले, अभिनेते सज्जन वेताळ झाले. मजा आली, नाही असं नाही. पण या प्रवासात मूळ गोष्टींतला अर्धाअधिक काळोख आणि जवळजवळ सगळा चावटपणा गळून गेला. मोठ्यांनी दार लावून वाचायचं पुस्तक शाळेच्या कपाटात बोधकथांच्या शेजारी जाऊन बसलं.

शिवाय राजाचं गावही हरवलं. विक्रम म्हटलं की आपण उज्जैन धरून चालतो. पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने राणी सूर्यवतीच्या करमणुकीसाठी ‘कथासरित्सागर’ रचला, त्यातल्या वेताळकथा उघडून पाहा. राजाचं नाव त्रिविक्रमसेन आणि गाव गोदावरीकाठचं प्रतिष्ठान. म्हणजे आपलं पैठण! मराठवाड्यातल्या वाचकाने हे पुस्तक परगावचं समजून वाचायचं काहीच कारण नाही.

सुरुवातच बघा. क्षान्तिशील नावाचा एक भिक्षू रोज दरबारात येतो आणि राजाला एक फळ देतो. राजा ते न बघताच खजिनदाराकडे सरकवतो. असं दहा वर्षं चालतं. एके दिवशी राजा ते फळ पाळलेल्या माकडाला देतो, माकड ते फोडतं आणि आतून रत्न पडतं. खजिनदाराला बोलावणं जातं. तो बिचारा खरं सांगून टाकतो : दार उघडायचा कंटाळा म्हणून मी फळं खिडकीतूनच आत टाकत होतो. मग दार उघडतात. फळं कुजून गेलेली आणि मधे रत्नांचा ढीग लखलखतोय. दहा वर्षांत ना राजाने पाहिलं, ना खजिनदाराने. सरकारी कारभाराची याहून नेमकी टिंगल मला तरी माहीत नाही, आणि अजून भूत यायचंच आहे.

एवढ्या रत्नांच्या बदल्यात भिक्षू मागतो ते साधंच वाटतं : वद्य चतुर्दशीच्या रात्री स्मशानात ये आणि शिंशपाच्या झाडाला लटकलेलं प्रेत मला आणून दे. राजा झाडावर चढतो, दोर कापतो. प्रेत खाली पडतं आणि लागल्यासारखं ओरडतं. राजाला वाटतं, माणूस जिवंत असावा. तो खाली उतरून मायेने त्याचं अंग चोळू लागतो. तोच ते प्रेत खदाखदा हसतं. भीतीचे असे क्षण पुढच्या शेकडो भयकथांनी वापरले, पण ‘अंग चोळणारा राजा’ हा तपशील कुणाला सुचला नाही. दयेनेच त्याचं हसं होतं. राजा विचारतो, ‘हसतोस काय?’ आणि तेवढ्या बोलण्याने प्रेत परत झाडावर.

मग सुरू होतो तो प्रसिद्ध खेळ. वाट सुखाची व्हावी म्हणून प्रेतात शिरलेला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडं घालतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, आणि तोंड उघडलंस तर मी चाललो झाडावर! या पेचातली गंमत अशी की वेताळाला दात-नखं लागतच नाहीत. हुशार माणसाला उत्तर ठाऊक असतं, आणि ठाऊक असलेलं उत्तर त्याच्याने गिळवत नाही. वेताळाला तेवढं पुरतं. मूर्ख राजा पहिल्याच खेपेला प्रेत पोचवून घरी जाऊन झोपला असता.

उत्तरांकडे मात्र संशयाने बघा. धवल नावाच्या परटाची गोष्ट घ्या. तो देवीच्या देवळात स्वतःचं शिर कापून वाहतो. शोधायला गेलेला त्याचा मेहुणा ते बघतो आणि तोही तेच करतो. बायको मदनसुंदरी फास लावायला निघते तेव्हा देवी प्रसन्न होते : जोड दोघांची शिरं धडांना. घाईगडबडीत ती नवऱ्याचं डोकं भावाच्या धडावर आणि भावाचं नवऱ्याच्या धडावर बसवते. आता नवरा कोणता? राजा ठासून सांगतो, ज्याच्यावर नवऱ्याचं डोकं तो. शरीरात डोकं श्रेष्ठ. कायद्याने चोख. पण ते धड सख्ख्या भावाचं आहे, याचं काय? राजा तिकडे वळतही नाही, आणि बाईला तर कुणी विचारतच नाही. टॉमस मानने 1940 साली या कथेवर जर्मन लघुकादंबरी लिहिली, गिरीश कार्नाडांनी ‘हयवदन’ लिहिलं, विजया मेहतांनी ते मराठी रंगमंचावर आणलं. मान आणि कार्नाड दोघांनीही भावाच्या जागी मित्र घातला. तसं केल्याने प्रेमाचा त्रिकोण जमतो खरा, पण मुळातला ओशाळवाणा, अंगावर येणारा विनोद जातो. तो पाहिजे तर सोमदेवाकडेच जावं लागतं.

हाडं जुळवून सिंह जिवंत करणाऱ्या भावांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती सोडून देतो.

या सगळ्या कथांचा उगम ज्या ‘बृहत्कथे’त सांगतात, तिची जन्मकथा तर वेताळालाही शोभली असती. सातवाहन राजा राणीच्या संस्कृतचा भलताच अर्थ घेऊन जलक्रीडेच्या वेळी मोदक मागवतो आणि हसं करून घेतो. मला संस्कृत शिकवा, म्हणतो. दरबारातला पंडित गुणाढ्य सहा वर्षं मागतो, दुसरा पंडित शर्ववर्मा सहा महिन्यांत शिकवून दाखवतो. पैजेत हरलेला गुणाढ्य सगळ्या सभ्य भाषा सोडून विंध्यात जातो आणि पिशाचांच्या भाषेत सात लाख श्लोक लिहितो. शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने. राजा ते बाड नाक मुरडून परत पाठवतो. मग गुणाढ्य एकेक पान वाचतो आणि आगीत टाकतो, आणि रानातली जनावरं चारा सोडून रडत ऐकत बसतात. इकडे राजा आजारी पडतो. कारण? ताटातलं मांस सुकलेलं. उपाशी जनावरांच्या अंगावर मांस उरलंय कुठे! वाङ्मय जळतंय म्हणून राजा धावून जात नाही, सागुती बेचव लागते म्हणून जातो. तोवर सातातला एकच लाख उरलेला असतो.

ही दंतकथाच. पण तिच्यामागचा सातवाहनांचा मुलूख खरा आहे. धावडा ज्या भोकरदन तालुक्यात येतो, ते भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्या तिथल्या माणसांची नावं दगडावर कोरलेली आहेत, आणि 1970च्या दशकातल्या उत्खननात इथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती थेट पॉम्पेईत मिळालेल्या मूर्तीची बहीण शोभते. अशा व्यापारी वाटेवर मुक्काम पडले की रात्री गोष्टी होणारच. वेताळकथांत राजपुत्रांच्या बरोबरीने सावकार, चोर, परीट आणि जुगारी एवढे का, ते मग कळतं.

शेवटचं कोडं मला सगळ्यांत आवडतं. बाप आणि मुलगा रानात दोन बायकांच्या पावलांचे ठसे बघतात आणि ठरवतात : मोठ्या पावलांची बापाची, लहान पावलांची मुलाची. गाठ पडते तेव्हा उलगडतं की मोठी पावलं मुलीची आणि लहान तिच्या आईची. शब्द दिलेला, लग्नं होतात. आता या दोन जोडप्यांच्या पोरांचं एकमेकांशी नातं काय? आपल्याकडच्या पंगतीत बसलेल्या एखाद्या आत्याबाईंनी तेही सोडवलं असतं. पण राजा पहिल्यांदाच गप्प राहतो, आणि त्या न येणाऱ्या उत्तराने त्याचा जीव वाचतो. खूश झालेला वेताळ भिक्षूचा डाव फोडतो : तो तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल आणि मान उडवेल, तू म्हण, मी राजा, मला येत नाही, आधी तूच करून दाखव. राजा तसंच करतो आणि वाकलेल्या भिक्षूचंच मुंडकं उडवतो.

वाचायचंच तर मुलांची आवृत्ती बाजूला ठेवा. सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी 1830च्या सुमारास वेताळपंचविशी मराठी गद्यात आणली. पण आज ‘कथासरित्सागरा’च्या पूर्ण मराठी अनुवादातला, वेताळकथा असलेला शशांकवती लंबक (खंड) काढणं सोयीचं. रात्री एकच गोष्ट वाचा, आणि राजाचं उत्तर वाचण्याआधी पुस्तक मिटून घरात भांडण लावून द्या. शेवटी वेताळ वर माग म्हणतो, तेव्हा राजा फक्त या गोष्टी प्रसिद्ध व्हाव्यात एवढंच मागतो. वेताळ ‘तथास्तु’ म्हणतो आणि वर सांगतो : जिथे हे वाचलं जाईल तिथे यक्ष, वेताळ, राक्षस कुणाचंच काही चालणार नाही. भुताने स्वतःच्याच पुस्तकावर अशी हमी लिहून दिल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. पुढच्या आठवड्यात रत्नाकर मतकरी. ते असली कुठलीही हमी देत नाहीत.