जपानचे वार्तापत्र : नारिताचे दाणे

नारिता, 4 फेब्रुवारी

आमच्या सावंगी (मेघे) येथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पुरते उजाडण्यापूर्वीच, दारात खोवलेला पळसाचा मेढा उपसून आम्ही मुले वेशीकडे धावत असू आणि ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी गावभर उठत असे. ती आरोळी इतक्या वर्षांनी माझ्या कानांत पुन्हा जागी झाली ती काल, येथील शिन्शोजी मंदिराच्या प्रांगणात, अफाट गर्दीत उभा असताना. कारण काल ‘सेत्सुबुन’ होता, आणि सेत्सुबुन म्हणजे अनिष्टाला घराबाहेर घालवून वसंताला आत घेण्याचा जपानी सण.

सेत्सुबुन या शब्दाचा अर्थ ऋतूंची विभागणी. पूर्वी तो चारही ऋतूंच्या पूर्वदिनास लागू होता; आज तो वसंतारंभाच्या आदल्या दिवसापुरताच उरला आहे. जपानने 1873 साली पाश्चात्त्य कालगणना स्वीकारली, तरी हा दिवस आपल्या मकरसंक्रांतीप्रमाणे सूर्याच्या गतीवरच ठरतो. म्हणून तो बहुधा 3 फेब्रुवारीस आणि क्वचित, जसा 2021 व 2025 साली, 2 तारखेस येतो. प्रथेचे मूळ चीनच्या दरबारी विधीत असून, इ. स. 706 मध्ये साथीने पुष्कळ माणसे दगावली तेव्हा जपानात असा विधी झाल्याचा दाखला ‘शोकु निहोंगी’ या राजबखरीत सापडतो.

ज्याला हाकलायचे त्याचे नाव ‘ओनी’. डोक्याला बैलाची शिंगे आणि कमरेला वाघाचे कातडे, हे त्याचे रूप दिशेवरून आले आहे. कारण येथील जुन्या दिक्चक्रात बैल व वाघ यांच्या मधली ईशान्य ही ओनींच्या प्रवेशाची दिशा मानतात. ज्या कोपऱ्यात आपण देवघर मांडतो, त्याच कोपऱ्याचे या लोकांना भय वाटावे, हे ऐकून मी क्षणभर स्तब्ध झालो. पुष्कळ ठिकाणी दारावर काटेरी पानांची एक डहाळी आणि तीत खोवलेले भाजल्या तारलीचे डोके लावतात. काटे ओनीच्या डोळ्यांत जावेत आणि मासळीच्या उग्र वासाने त्याने माघारी फिरावे, असा त्यामागचा हेतू.

त्याला मारायचे ते सोयाबीनच्या दाण्यांनी! ज्या पिकाचा भाव आज काय फुटला या विवंचनेत आमच्या वर्धा जिल्ह्याचा शेतकरी बाजार समितीच्या आवारात उभा असतो, तेच पीक येथे भाजून, ‘मासु’ नावाच्या चौकोनी लाकडी मापात भरून, देवापुढे ठेवतात आणि मग उधळतात. दाणा भाजलेलाच हवा. कच्चा दाणा कोठे सांदीत पडून रुजला, तर त्याबरोबर अरिष्टही अंकुरेल, अशी समजूत आहे.

शिन्शोजीची स्थापना 940 सालची. येथील मुख्य देवता ‘फुदो म्योओ’ म्हणजे आपल्याकडून चीनमार्गे गेलेला अचल होय: उजव्या हाती खड्ग, डाव्या हाती पाश, पाठीशी ज्वाळा. त्याच्यापुढे रोज जो ‘गोमा’ होतो तो आपला होमच. समिधा अग्नीत पडत असताना चाललेल्या मंत्रोच्चारातील ‘नोमाकु’ हा शब्द ‘नमः’ आहे, हे कळले तेव्हा माझे डोळे भरून आले. जपानी मंत्र वर्ध्याच्या माणसास नवा नाही. जपानी बौद्ध भिक्षू फुजी गुरुजी 1933 साली वर्ध्यास गांधीजींना भेटले, आणि त्यांच्या पंथाचा मंत्र सेवाग्रामच्या प्रार्थनेत आजही म्हटला जातो. तो पंथ निराळा, हा निराळा. परंतु संस्कृत ध्वनी हजारांहून अधिक वर्षे परक्या कंठांत टिकून राहिल्याचा अनुभव मला येथे प्रथमच आला.

होमानंतर रुंद खांद्यांचे जुने दरबारी पोशाख ल्यालेले सुमो मल्ल आणि नट उंच मंचावर आले व त्यांनी मुठी मोकळ्या केल्या. दाण्यांबरोबर भुईमुगाच्या शेंगाही आल्या, कारण हा चिबा प्रांत भुईमुगासाठी प्रसिद्ध आहे. लोकांनी टोप्या, पिशव्या, पदर जे हाती होते ते पसरले. घरोघर जी घोषणा देतात ती दुहेरी असते: ‘ओनी वा सोतो, फुकु वा उची’, म्हणजे ओनी बाहेर, भाग्य आत. मंचावरून मात्र उत्तरार्धच पुन्हा पुन्हा उमटत होता. पूर्वार्धाची मी व्यर्थ वाट पाहिली. अचलाच्या करुणेपुढे ओनीसुद्धा पालटतो, तेव्हा त्याला बाहेर घालवण्याचे प्रयोजनच येथे उरत नाही, असा या मंदिराचा भाव आहे. बालपणी ज्या मारबतीला आम्ही वेशीबाहेर टाकून मागे वळूनही न पाहता घरी येत असू, तिचे पुढे काय होत असेल, हा प्रश्न मला काल प्रथमच पडला.

रात्री शेजारच्या आजीबाईंनी बोलावले. वयाइतके दाणे खायचे आणि येत्या वर्षासाठी एक अधिक, असा रिवाज. पण ऐंशी ओलांडलेल्या त्यांच्या दातांना ते झेपत नाही. अशांसाठी ‘फुकुचा’ असतो. त्यांनी पेल्यात तीन भाजके दाणे, समुद्रवनस्पतीची एक चिंधोटी आणि खारवलेले ‘उमे’ फळ घालून वर कढत पाणी ओतले, दाणे फुगेपर्यंत पेला दोन्ही तळव्यांत धरून ठेवला, आणि मग माझे वय विचारून माझ्यापुढे एकेक दाणा मोजू लागल्या.